विश्लेषण : मुळशीच्या पावसात ॲक्शन फिगरचे जॅकेट का सोलते?

बारा इंची फिगर, तिच्या अंगावर चार इंचांचे काळे जॅकेट. चेहऱ्यावरचा रंग शाबूत, सांधे घट्ट, खोकेही जपून ठेवलेले. फक्त जॅकेटच्या कोपरावर पापुद्रा सुटलेला आणि त्याचे काळे कण खालच्या काचेवर पडलेले. पावसाळा सरल्यावर कपाट उघडताच हे दिसले, की संग्राहक आधी स्वतःच्या हाताळणीला दोष देतो. प्रत्यक्षात त्या जॅकेटला चार महिन्यांत कोणी हातही लावलेला नसतो. दोष हवेचा असतो आणि त्याहून अधिक त्या ‘कापडा’च्या जातीचा. ही जात ओळखता आली, तर काय वाचवता येईल आणि कशावर रंग व मेहनत खर्च करू नये, हे आधीच ठरवता येते.

मुळशीत हा प्रश्न अधिक बिकट का?

मुळशी तालुका म्हणजे एका नावाखाली नांदणारी दोन हवामाने. पूर्वेला हिंजवडी, माण, मारुंजी हा आयटी पार्कचा आणि उंच इमारतींचा पट्टा, पश्चिमेला ताम्हिणीचा घाट. पुणे शहरात वर्षभरात सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर ताम्हिणीत एका पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पडणे नवलाचे नाही. भूगाव, पिरंगुट, पौड आणि मुळशी धरणाचा काठ या दोन टोकांच्या मधे. पश्चिमेकडे सरकावे तसा दमटपणा वाढत जातो.

इमारतीतला वापरातला फ्लॅट त्यातल्या त्यात सुरक्षित. माणसांचा वावर असतो, पंखे चालतात, खिडक्या उघडतात. खरी अडचण शनिवार-रविवारच्या घरांची. धरणाकाठचा किंवा डोंगरउतारावरचा बंगला जून ते सप्टेंबर आठवड्यातले पाच दिवस बंद असतो आणि शहरातल्या घरात जागा नाही म्हणून संग्रहाचे काचेचे कपाट नेमके तिथेच नेऊन ठेवलेले असते. बंद खोलीतली ओल भिंतीतून लाकडात, लाकडातून कपाटात आणि कपाटातून कापडात उतरते.

हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर सलग टिकली, की कापडावर बुरशी धरण्याची शक्यता वाढते. घाटमाथ्याजवळ पावसाळ्याचे कित्येक आठवडे हा आकडा त्याहून बराच वर असतो.

यात पैशाची बाजूही आहे. कापडी पोशाखाच्या नामांकित विदेशी फिगरची किंमत सहज काही दहा हजार रुपयांत जाते. त्यातच केंद्राने खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. सुटे जॅकेट किंवा सुटी पँट इथल्या दुकानात मिळत नाही. ती परदेशातून मागवावी लागते आणि जुन्या फिगरच्या बाबतीत अनेकदा तीही सापडत नाही.

फिगरच्या अंगावर कापड आले कुठून?

सुरुवातच कापडाने झाली. अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाजारात आणला. उंची सुमारे बारा इंच, हलणारे २१ सांधे आणि काढता-घालता येणारे शिवलेले गणवेश. मूळ कल्पना १९५९ मध्ये आलेल्या ‘बार्बी’चीच, पण मुलगे ‘बाहुली’ घेणार नाहीत या धास्तीने ‘ॲक्शन फिगर’ हा शब्द घडवण्यात आला. माणसाच्या एक षष्ठांश उंचीचे हे प्रमाण आजही महागड्या संग्राह्य फिगरसाठी रूढ आहे. २००० मध्ये हाँगकाँगमध्ये सुरू झालेल्या ‘हॉट टॉइज’चे नाव याच प्रमाणातल्या फिगरमुळे झाले.

मधल्या काळात कापड मागे पडले. केनर कंपनीने १९७८ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या पावणेचार इंची फिगर आणल्या. त्यांचे बहुतेक कपडे अंगासकट प्लास्टिकमध्ये ओतलेले होते. त्यातल्या ‘जावा’ या बुटक्या पात्राला आधी प्लास्टिकचा झगा होता. तो स्वस्तातला वाटतो म्हणून लवकरच कापडी झगा देण्यात आला. परिणामी प्लास्टिकच्या झग्याचा जावा दुर्मीळ झाला आणि आज तो हजारो डॉलरला जातो. दुसऱ्या पात्राचा झगा कापून बनवलेले नकली नगही त्यामुळेच बाजारात फिरतात.

आज चाळिशीत असलेल्या मराठी वाचकाच्या आठवणीतला जी. आय. जो हा असाच ओतलेल्या कपड्यांचा आहे. फनस्कूलने भारतात आणलेला तो पावणेचार इंची सैनिक ओल्या मातीत पुरला, हौदात बुडवला, तरी त्याच्या गणवेशाला काही होत नसे. तीच पिढी आता कापडी पोशाखाच्या फिगर विकत घेते आणि जपणुकीची सवय मात्र त्या प्लास्टिकच्या सैनिकाची असते. अनेक पोशाखांचे नुकसान इथूनच सुरू होते.

कोणते कापड टिकते, कोणते नाही?

सुती, लोकरी आणि पॉलिएस्टर कापड नीट ठेवले तर दशकानुदशके टिकते. सुताला बुरशी आणि कसर लागू शकते, विशेषतः त्यात खळ असेल तर. लोकरीवर किडीची नजर असते. पॉलिएस्टर या दोन्हींना फारशी दाद देत नाही. या तिन्हींची देखभाल घरातल्या चांगल्या कपड्यांसारखीच.

नकली चामड्याची गोष्ट निराळी. जॅकेट, बूट, पट्टे, हातमोजे, पिस्तुलाची म्यानपेटी हे सगळे बहुधा पॉलियुरेथेनचे असते. पातळ विणलेल्या कापडावर या प्लास्टिकचा पातळ थर चढवून ते बनवतात. या थराच्या लांबलचक साखळ्यांमधले काही दुवे असे असतात, की हवेतले पाणी त्यांना हळूहळू तोडते. या क्रियेला जलअपघटन म्हणतात. दुवा तुटला की किंचित आम्ल तयार होते आणि ते आम्ल पुढचे दुवे तुटण्याचा वेग वाढवते. म्हणजे एकदा सुरू झालेली झीज स्वतःच स्वतःला ढकलत नेते. आधी चमक जाते, मग पृष्ठभाग किंचित चिकट लागतो, मग कोपर, गुडघा, कॉलरच्या घडीवर भेगा पडतात आणि शेवटी पापुद्रे सुटतात. जुन्या सोफ्याचे, स्वस्त हँडबॅगेचे, न वापरता माळ्यावर ठेवलेल्या बुटांचे हेच होते.

ही झीज वापरावर अवलंबून नाही. खोके न उघडलेल्या फिगरचे जॅकेटही सोलते. घड्याळ कारखान्यातून थर बाहेर पडला त्या दिवशी सुरू झालेले असते. कोरड्या, थंड जागेत ते सावकाश चालते, दमट आणि उष्ण जागेत धावते. ते थांबवता येत नाही, हे संग्राहकाने खरेदीच्या वेळीच गृहीत धरलेले बरे.

अंगासरशी बसणारे ताणपोशाख हा तिसरा प्रकार. त्यातला इलॅस्टेन धागा सतत ताणलेला राहिला की सैल पडतो. गुडघा दुमडून किंवा हात उगारून ठेवलेली फिगर कपाटात रुबाबदार दिसते, पण महिनोन्‌महिने त्या पवित्र्यात ठेवल्यास त्या जागी कापड लोंबते आणि वर प्लास्टिकचा थर असेल तर तडकते. पावसाळ्यापुरते हात खाली आणि पाय सरळ करून ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

आणखी एक नुकसान उलट्या दिशेने होते. गडद काळ्या, लाल किंवा निळ्या कापडाचा रंग फिगरच्या फिकट, मऊ प्लास्टिकच्या अंगात उतरतो. दमटपणात हे लवकर होते आणि डाग आत मुरला की घासून जात नाही. नवी फिगर आल्यावर कापडाखाली पातळ पारदर्शक फिल्मचा किंवा पांढऱ्या मलमलीचा एक थर दिल्यास हा प्रश्न टळतो.

चांगला शिवलेला पोशाख रंगवायचा कशासाठी?

कारण कापड लहान होत नाही. फिगर सहापट लहान केली, तरी सुताचा धागा तेवढाच जाड राहतो. पाव मिलिमीटर जाडीचे साधे सुती कापड या प्रमाणात दीड मिलिमीटरचे होते. तो अंगरखा राहत नाही, त्याची सतरंजी होते. नऊवारी साडीचा हिशेब केला तर अडचण आणखी स्पष्ट दिसते. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर, त्याचा सहावा भाग १.३७ मीटर. तेवढे कापड लहान फिगरला प्रत्यक्ष नेसवले, तर निऱ्यांचा गोळा होतो आणि कासोटा बसतच नाही. म्हणून निऱ्या आधीच शिवून टाकाव्या लागतात, आतले वेढे गाळावे लागतात आणि घडीची खोली रंगाने दाखवावी लागते.

पौड मावळातला सतराव्या शतकातला मावळा एक षष्ठांश प्रमाणात उभा करायचा म्हटले, तर हे सगळे प्रश्न एकदम समोर येतात. पुण्यात दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे रंगवलेल्या कपड्यांतच येतात, तिथे चुणीची चिंता नसते. कापडी मावळ्याच्या अंगरख्याला मात्र जुनी, अनेकदा धुतलेली मलमल लागते. नवे कापड फुगते, जुने पडते. खांद्यावरची घोंगडी खऱ्या घोंगडीच्या तुकड्यातून कापली तर ती पाठीवर बांधलेल्या गादीसारखी दिसते. पातळ, काळपट सुती कापडावर कोरड्या कुंचल्याने करडे फटकारे मारले, तर नजर तिला लोकर समजते. सुरवारीच्या पायाशी तांबूस मातीचा पट्टा, काखेत आणि पाठीवर घामाची किंचित गडद छटा, मुंडाशाच्या वळ्यांत सावली एवढे झाले, की पोशाख नुकताच शिंप्याकडून आल्यासारखा दिसत नाही.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. लहान वस्तूवर तोच रंग मूळ वस्तूपेक्षा गडद भासतो. त्यामुळे अनुभवी हात काळ्याऐवजी गडद करडा, आणि शुभ्राऐवजी दुधाळ पांढरा निवडतात.

रंग कोणता आणि कोणत्या महिन्यात?

आधी धागा ओळखावा. आतल्या शिवणीतला एक तंतू चिमट्यात धरून जाळला, की सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. साडीच्या दुकानात पारख करण्याची हीच रीत. सूत चहाचे पाणी किंवा साधा रंग शोषून घेते, पॉलिएस्टर घेत नाही. त्याच्यावर रंग केवळ वरून बसतो. चहाच्या पाण्याने कापड झटपट जुनाट दिसते खरे, पण चहातली टॅनिनयुक्त आम्लता पुढे धाग्याला कमजोर करते. दाखवायच्या एखाद्या पोशाखाला ते चालून जाईल, जपून ठेवायच्या पोशाखाला नको.

कॅमल किंवा फेव्हिक्रिलचे कापडावरचे रंग गावोगावी स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात आणि या कामाला पुरतात. साधा ॲक्रिलिक रंग वाळल्यावर कडक होतो. त्यात कापडासाठीचे मिश्रण-माध्यम घातले, तर तो लवचीक राहतो. पातळ रंगाचा धोका वेगळा. तो धाग्याधाग्याने पसरतो आणि वाळताना कडेला वलय सोडतो. म्हणून जिथे सावली हवी तो संपूर्ण भाग आधी स्वच्छ पाण्याने समान ओलसर करावा, मगच रंग लावावा. कुंचल्यात रंग कमी, हात हलका. कापडात शिरलेला रंग परत काढता येत नाही. पहिली चाचणी आतल्या बाजूच्या शिवणीवर करावी.

धूळ-मातीसाठी खडूसारख्या कोरड्या पेस्टलची पूड सगळ्यात सोयीची. ती ब्रशने घासून बसवता येते आणि आवडली नाही तर बरीचशी झटकून टाकता येते. तिच्यावर चमकविरहित वॉर्निशचा फवारा मारण्याचा मोह मुळशीत तरी आवरावा. हवेत ओल जास्त असताना फवारलेले वॉर्निश पांढुरके पडते आणि कापड पुठ्ठ्यासारखे ताठ होते.

कापडाचा रंग पक्का करण्यासाठी तो पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवतात. हे पोशाख फिगरवरून उतरवूनच करावे. फिगरचे मऊ प्लास्टिक साध्या हेअर ड्रायरच्या झोतानेही वाकते आणि पॉलिएस्टरवर कडक इस्त्री ठेवली तर ते आकसते. नकली चामड्यावर तर कापडाचा रंग लावूच नये, तो आठवड्यात तडकतो. चामड्यासाठीचा लवचीक ॲक्रिलिक रंग मिळतो, पण तोही सोलायला लागलेल्या थराला धरून ठेवू शकत नाही. रंग पापुद्र्यासकट सुटतो. थर उतरत असलेल्या जॅकेटवर रंग चढवणे म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीला चुना लावणे.

राहिला महिन्याचा प्रश्न. रंगकाम दिवाळीनंतर ते मेपर्यंत करावे. जुलैत लावलेला रंग वरून कोरडा वाटतो, आत ओलसर राहतो आणि तसाच कपाटात गेला की बुरशीला आमंत्रण मिळते.

डांबराच्या गोळ्या चालतात का?

नाही, आणि या एका सवयीने सर्वाधिक नुकसान होऊ शकते. गौरीच्या साड्या, पैठण्या, लोकरीचे कपडे ठेवताना घरोघर डांबराच्या गोळ्या टाकतात. कापडापुरती ती रीत समजण्याजोगी आहे. पण डांबराच्या गोळीतले नॅफ्थलीन वाफ होऊन पसरते आणि काही प्लास्टिक, विशेषतः पॉलिस्टायरीन, मऊ करते. फिगरच्या पोशाखाच्या आत प्लास्टिकचेच अंग असते, हे विसरून चालत नाही. कापूरही त्याच वाटेचा. एकेकाळी सेल्युलॉइड मऊ करण्यासाठी कापूरच वापरत. वेखंडाची पुरचुंडी ट्रंकेत ठेवण्याची जुनी पद्धत त्यामानाने निरुपद्रवी, मात्र ती पोशाखाला टेकू देऊ नये.

लोकरी पोशाखात कीड दिसलीच, तर वस्त्रसंग्रहालये जे करतात ते घरीही जमते. पोशाख फिगरवरून उतरवायचा, घट्ट पिशवीत हवाबंद करायचा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही, नाही तर थंड कापडावर दव धरते.

कपाट कसे असावे?

बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे, हे पहिले. भिंतीपासून चार बोटे अंतर पुष्कळ फरक पाडते. आत काही शे रुपयांना मिळणारा आर्द्रतामापक ठेवावा. अंदाजाने काही कळत नाही. आकडा ५० टक्क्यांच्या आसपास राहिला तर उत्तम, ६५ च्या वर गेला की हालचाल करावी. दाराच्या फटींना फोमची पट्टी लावून आत सिलिका जेल ठेवले, तर छोट्या कपाटात आकडा खाली येतो. निळ्या मण्यांच्या सिलिका जेलमध्ये कोबाल्टचा विषारी क्षार असतो. ते गुलाबी झाल्यावर पुन्हा तापवून वापरता येते, पण स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नव्हे. नारिंगी मण्यांचा प्रकार त्यामुळे घरासाठी बरा. बंद बंगल्यातले कपाट असेल, तर दर शनिवारी मणी तपासावे लागतील. नसेल जमत, तर पोशाख असलेल्या फिगर जूनमध्ये शहरातल्या घरी हलवाव्यात आणि प्लास्टिकच्या कपड्यांच्या तिथेच राहू द्याव्यात.

नुसत्या हवाबंद पिशवीने मात्र काम बिघडते. पिशवी बंद करताना आत असलेली ओल आत राहते आणि झिजणाऱ्या नकली चामड्याचे आम्लही तिथेच कोंडते.

उजेडाचे भान कमी जणांना असते. वस्त्रसंग्रहालयांत कापडावर ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. घरातल्या कपाटात एलईडीची माळ रात्रंदिवस चालू असते. एलईडी तापत नाही, म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. गडद लाल आणि जांभळे रंग आधी उडतात, आणि उडालेला रंग एकाच बाजूने उडतो. पाठ गडद, छाती फिकी. पाहुणे आल्यावर दिवा लावावा, एरवी बंद ठेवावा.

धुण्याची गरज क्वचितच पडते. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने काढावी. धुवायचेच तर ओला पांढरा बोळा आतल्या बाजूने टेकवून रंग सुटतो का ते पाहावे, मग पोशाख थंड पाण्यात बुचकळून टॉवेलमध्ये दाबावा, पिळू नये, सावलीत पसरून वाळवावा. टिचबटणे आणि झग्याच्या कडेत शिवलेली तार पूर्ण कोरडी झाली की नाही हे नक्की पाहावे. गंजाचा तांबडा डाग सुतातून निघत नाही.

सोललेल्या जॅकेटचे पुढे काय?

सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजातल्या कळसूत्री बाहुल्याही लाकडी अंगावर कापड नेसतात आणि कोकणच्या पावसातच राहतात. त्या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण ती बाहुली खेळासाठी असते. तिचे वस्त्र विरले तर नवे शिवता येते आणि बाहुलीची किंमत कमी होत नाही. संग्राह्य फिगरचा बाजार नेमका उलट चालतो. तिथे मूळ पोशाख हाच किमतीचा मोठा भाग असतो आणि बदललेल्या जॅकेटची फिगर कितीही सुबक दिसली तरी कमी भावाला जाते.

म्हणून बारीक शिवण जमणाऱ्या शिंप्याकडून अस्सल पातळ चामड्याचे किंवा विणीच्या कापडाचे नवे जॅकेट शिवून घेतले, तरी जुने फेकू नये. त्याच्यावरून मापाचा कागदी नमुना आधी काढून घ्यावा, कारण पापुद्रे सुटत गेले की कडा उरत नाहीत. मग ते धुतलेल्या मलमलीत गुंडाळून फिगरपासून वेगळ्या, हवा खेळत्या डब्यात ठेवावे आणि डब्यावर तारीख घालावी. त्याचा चिकट थर आणि त्यातले आम्ल शेजारच्या कपड्यांना लागू नये, एवढ्यासाठीच हे वेगळेपण. फिगर विकायची वेळ आली, तर हा डबा सोबत द्यावा लागतो आणि अंगावरचे जॅकेट मूळचे नाही, हे घेणाऱ्याला सांगावे लागते.